दहा रुपयांचा पुडा

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक तूरडाळ मागताना कंपनीचं नाव घेत नाही आणि चहा मागताना नावाशिवाय बोलत नाही. लग्न होऊन बार्शीत आले तेव्हापासून मी या किराणा दुकानाच्या काउंटरवर बसते आहे. महिन्याची यादी घेऊन येणारे नोकरदार, बाजारच्या दिवशी खेड्यावरून येणारी माणसं, संध्याकाळी मजुरी हातात पडली की येणाऱ्या बाया, शाळेतून सुटलेली पोरं, अशा सगळ्यांचं मागणं रोज कानावर पडतं. त्या मागण्यात कुठे नाव येतं आणि कुठे नुसता जिन्नस, हे ऐकता ऐकता माणसं भरवसा कशावर आणि का ठेवतात ते मला कळत गेलं. ते इथे मांडते आहे, कारण ब्रँडचा विषय निघाला की बोलणं लगेच दिखाऊपणावर आणि जाहिरातीच्या मोहावर जातं. मोबाइल, बूट, घड्याळ यांच्या बाबतीत तसं असेलही. वाणसामानाचं तसं नाही.

बार्शी ही जुनी धान्यपेठ. वैरागकडून, परांडा-भूमकडून जी माणसं इथे येतात त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी, तूर, करडई पिकत आलेली. धान्यात त्यांना कोणी फसवू शकत नाही. ज्वारी ओंजळीत घेऊन फुंकर मारतात, दाणा दाताखाली फोडतात. डाळ तळहातावर चोळून पॉलिश किती चढवलंय ते बघतात. गुळाच्या ढेपेचा खडा जिभेवर ठेवतात. फार पिवळाधमक गूळ दिसला की जाणती बाई मागे सरते, तांबूस दाखवा म्हणते. नावं तिथेही आहेत, पण ती वाणाची आणि गावाची: मालदांडी ज्वारी, लातूरची फटका डाळ, ब्याडगी मिरची, कोल्हापुरी गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लोक ती नावं त्याच्या कितीतरी आधीपासून घेत होते. आणि नाव घेऊनही दाणा चावून बघितल्याशिवाय पैसे मोजत नव्हते.

धान्यात कंपनीच्या नावाला किती कमी वजन आहे, हे जीएसटी आल्यावर अगदी स्पष्ट दिसलं. १ जुलै २०१७ पासून नोंदणी केलेल्या नावाच्या बंद पिशवीतल्या तांदूळ-डाळ-पिठावर पाच टक्के कर लागला आणि बिननावाच्या मालाला माफी मिळाली. बऱ्याच व्यापाऱ्यांनी मग नावावरचा हक्कच सोडून दिला. ज्या तांदळाच्या कट्ट्यावर कालपर्यंत मोठ्या अक्षरात नाव होतं, तोच तांदूळ साध्या पिशवीत यायला लागला. गिऱ्हाइकं काय म्हणाली? "तांदूळ तोच आहे ना?" एवढंच. मूठभर हातात घेऊन बघितला आणि नेला. पुढे १८ जुलै २०२२ पासून नावाची अट गेली आणि पंचवीस किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या सगळ्याच पिशव्यांवर कर आला. तेव्हा बाजारात तीस किलोचे कट्टे दिसू लागले. नावं गेली, पिशव्या बदलल्या, वजनं बदलली, पण आमचं एकही धान्याचं गिऱ्हाईक त्यामुळे हललं नाही.

चहाच्या बाबतीत हे होऊच शकत नाही. चहाची भुकटी डोळ्यांना सगळी सारखीच दिसते आणि ती पुड्यात बंद असते. टूथपेस्ट ट्यूबमध्ये, तेल पिशवीत, बाळाची पावडर डब्यात. हात आणि जीभ जिथे पोचत नाही, तिथे माणूस नावाला धरतो. यात जाहिरातीचा वाटा आहेच, पण वाटतो तेवढा नाही, असं माझं मत झालं आहे. लहान बाळाच्या दुधाच्या पावडरीचं उदाहरण घ्या. १९९२ च्या कायद्यानं आपल्याकडे तिच्या जाहिरातीला बंदी आहे. टीव्हीवर ती दिसत नाही, भिंतीवर रंगवलेली नाही. तरी आमच्या दुकानात सगळ्यात घट्ट धरलेलं नाव तेच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं, किंवा मोठ्या बहिणीच्या बाळाला मानवलेलं. आजीला पाठवलं असेल तर ती रिकामा डबा सोबत घेऊन येते आणि काउंटरवर नव्या डब्याशेजारी ठेवून रंग, चित्र, आकडा जुळवते. दुसऱ्या कंपनीचा डबा स्वस्त आहे असं तिला सांगायचं धाडस मी कधी केलं नाही, आणि करणारही नाही.

सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या वेळी यातलं पुष्कळ सामान सुटं होतं. खड्याच्या मिठाचं पोतं दुकानाच्या पायरीवरच असायचं आणि रात्री आत घ्यायचीही कुणाला गरज वाटायची नाही. चहा खोक्यातून काढून रद्दीच्या पुडीत बांधून द्यायचा, करडईचं तेल डब्यातून पळीनं मापून गिऱ्हाइकाच्या बाटलीत. तेव्हा नाव एकच होतं, ते दुकानदाराचं. "अण्णांच्या दुकानचा चहा" म्हणून लोक न्यायचे. चहा बेचव निघाला तर पुडी परत घेऊन अण्णांसमोर उभे राहायचे आणि अण्णा ती बदलून द्यायचे. हा व्यवहार हळूहळू पुड्यात गेला. टाटांचं मीठ १९८३ मध्ये पिशवीतून आलं. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलानं माणसं दगावली, त्यानंतर तेल बंद करूनच विकावं असा केंद्राचा आदेश निघाला. पुढे अन्नसुरक्षेच्या नियमांनी सुटं तेल विकणं बंदच झालं. यात लोकांचं भलंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याबरोबर एक गोष्ट बदलली. भरवसा अण्णांवरून उठून छापील नावावर गेला, आणि छापील नावासमोर पुडी परत घेऊन उभं राहता येत नाही.

आता एका बाईबद्दल सांगते. शेतात रोजंदारीवर जाते, संध्याकाळी परतताना आमच्याकडे येते. तिचं सामान ठरलेलं: पाव किलो साखर, दहाचा चहा, कधी पाचचा बिस्किटपुडा, कधी तेलाची छोटी पिशवी. चहाचा पुडा मी काढून ठेवला की ती तो उचलते, दोन्ही बाजूंनी फिरवते, वरची शिवण बोटांनी दाबून बघते. अक्षर तिला येत नाही. चित्र आणि रंग बघते आणि मग बाकीच्या सामानात ठेवते. एकदा एका नव्या कंपनीनं त्याच पैशात बराच जास्त चहा काढला होता. मी स्वतः तो घरी करून पाहिला होता, चांगला होता. तिला म्हटलं, घेऊन बघ एकदा. तिनं पुडा हातात घेतला आणि परत ठेवला.

"नगं वैनी. चा बिघडला तर टाकून कसा देऊ? चार दिस त्योच प्यावा लागतुया. आन् मालक चा न पिताच कामावर जात्यात."

त्या दिवशी मला जे उमगलं, ते पुढे रोज खरं होताना पाहिलं. नवं काही करून बघणं ही पैसेवाल्याला परवडणारी गोष्ट आहे. आमच्याकडे यादी पाठवणाऱ्या शिक्षकबाई, बँकेतले साहेब सहज म्हणतात, या वेळी तो नवा साबण टाका, बघू कसा आहे. नाही आवडला तर तो मोरीत हात धुवायला जातो आणि विषय संपतो. मजुरी करणाऱ्या घरात चुकलेल्या पुड्याला दुसरी जागा नसते. म्हणून नाव सगळ्यात घट्ट तीच माणसं धरतात ज्यांच्या हातात पैसे सगळ्यात कमी असतात. गरिबाला ब्रँड कशाला हवा, असं विचारणाऱ्यांनी आमच्या काउंटरवर एक संध्याकाळ बसून बघावं.

ही माणसं नाव वाचत नाहीत, ओळखतात. जुन्या कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. डालड्याच्या पिवळ्या डब्यावर ताडाचं झाड होतं, निरम्याच्या पुड्यावर गिरकी घेणारी पांढऱ्या फ्रॉकची मुलगी, पार्ले-जीवर बाळ, काळ्या दंतमंजनावर माकड. अजूनही "लाल पुडा द्या", "बाळाची बिस्किटं द्या" असंच मागणं येतं. धुण्याचा बार तर कित्येक वर्षं "पाचशे एक" या आकड्यावर विकला गेला. या ओळखीचा गैरफायदा घेणारा मालही येतो. रंग तोच, चित्राची ठेवण तीच, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं. वाचता येणारा माणूस क्षणभर गोंधळतो आणि सावध होतो. न वाचणारा तो पुडा घरी घेऊन जातो. असा माल घेऊन येणारे विक्रेते आम्हाला सांगतात की यात तुम्हाला शंभराला तीस सुटतील. कंपनीच्या ओळखीच्या मालात आठ-दहा सुटतात, कधी तेवढेही नाही. फरक मोठा आहे, महिन्याच्या शेवटी गल्ला मोजताना जाणवतो. तरी आम्ही तो माल कधी फळीवर ठेवला नाही. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी तो पुडा मी वाचायचा असतो, असं मी मानते.

स्वस्त माल म्हणजे वाईट माल, असं मात्र मी म्हणणार नाही. धुण्याच्या पावडरीनं ते आमच्या डोळ्यांदेखत खोटं ठरवलं. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत घरी निरमा पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली, आणि सर्फच्या मानानं तिची किंमत अगदीच थोडी होती. आमच्याकडे निरमा आला तेव्हाची गोष्ट सासूबाई सांगायच्या: ज्या घरांनी तोवर पावडर हा प्रकार कधी विकत घेतला नव्हता, नुसता साबणाचा बार घासला होता, त्या घरांतून मागणी आली. सर्फवाल्यांना मग टीव्हीवरच्या जाहिरातीत ललिताजी नावाची गृहिणी उभी करावी लागली, स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक समजवायला. आजही पावडरीच्या बाबतीत गिऱ्हाईक पटकन नाव बदलतं. त्याचं कारण बादलीत आहे. पावडर कशी आहे ते त्याच दिवशी, धुणं वाळत घालताना कळतं, आणि कमी पडली तर बार आहेच. चहाची चूक पोटात जाते, पावडरीची चूक पुन्हा धुता येते. म्हणजे पारख लगेच होणारी असेल आणि चुकीची किंमत थोडी असेल, तर नावाची पकड सैल होते. नव्या कंपनीला आमच्यासारख्या गावात शिरायचं असेल तर तिनं पावडरीनं सुरुवात करावी, चहानं नव्हे.

नावाचा आणखी एक उपयोग मी बाई म्हणून काउंटरवर बसते म्हणून मला दिसला. पूर्वी पॅड घ्यायला येणाऱ्या मुली दुकान रिकामं व्हायची वाट बघत कोपऱ्यात उभ्या राहायच्या. यजमान बसले असतील तर तशाच परत जायच्या. मी एकटी दिसले की पुढे येऊन हळूच म्हणायच्या, "काकू, व्हिस्पर." बाकी एक शब्द नाही. मी कुठल्याही कंपनीचा पुडा काढला तरी नाव तेच. वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून द्यायचा. घरात, शाळेत ज्या गोष्टीला उघड बोलायचं नाव नव्हतं, तिला कंपनीच्या नावानं एक बोलण्याजोगं नाव मिळालं आणि त्या मुलींना दुकानाची पायरी चढता आली. आता कॉलेजच्या मुली मोठा की साधा, पंखांचा की बिनपंखांचा, किंमत किती, हे सगळं यजमानांसमोर विचारतात आणि दोन पुडे शेजारी ठेवून ठरवतात. वर्तमानपत्र नको म्हणतात. माझ्या दुकानातल्या सगळ्या बदलांत मला सगळ्यात मोठा वाटतो तो हा.

दिवाळीला मोती साबण. वर्षभर सगळ्यात स्वस्त वडी नेणारं घरही नरकचतुर्दशीसाठी एक मोती नेतं, सोबत उटण्याची पुडी. टाटा ऑइल मिल्सचा हा साबण ती कंपनी १९९३ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाल्यावर तिकडे गेला. मालक बदलल्याचं आमच्या गिऱ्हाइकांना कळलंही नाही, कळून काही फरकही पडला नसता. तो गोल साबण आता अभ्यंगस्नानाच्या सामानातला झाला आहे. इथे पारख नाही, परवडणं नाही, नुसती सणाची सवय आहे, आणि मला त्यात काही गैर दिसत नाही. वर्षातून एकदा अंगाला चांगला वास यावा ही काही उधळपट्टी नव्हे.

मुलांचं गणित वेगळं. २०१५ च्या जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मॅगीवर बंदी घातली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि नोव्हेंबरात मॅगी पुन्हा दुकानांत आली. मधल्या काळात दुसऱ्या कंपन्यांच्या नूडल्स फळीवर होत्या. पोरं यायची, त्या रिकाम्या जागेकडे बघायची आणि चिक्की घेऊन जायची. आया मात्र त्या काळात पहिल्यांदा पुड्याच्या मागचं वाचायला लागल्या. काही महिनेच टिकलं ते, पण वाचत होत्या.

नाव कसं तयार होतं, हे मी फार जवळून पाहिलं ते आमच्या गल्लीतल्या बचत गटामुळे. सोलापूरकडचं काळं तिखट या बायका अप्रतिम करतात. धने, खोबरं, तीळ वेगवेगळे भाजायचे, कांदा उन्हात वाळवून तळायचा, मिरचीत ब्याडगी आणि लवंगीचा मेळ बसवायचा. सुरुवातीला त्यांनी ते साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून माझ्याकडे ठेवलं. गल्लीतल्या बायकांनी नेलं, कारण भाजणी कोण करतं आणि चव कोण घेतं हे त्यांना माहीत होतं. परगावचं गिऱ्हाईक पिशवी हातात घ्यायचं, "कुणाचं आहे?" विचारायचं, मी सांगायची, आणि ते ओळखीच्या कंपनीचा पुडा घेऊन जायचं. माल उत्तम, भाव कमी, तरी पिशव्या तशाच पडून. मग गटानं अन्नसुरक्षेची नोंदणी केली. लहान उद्योगासाठी तिचं शुल्क वर्षाला शंभर रुपये आहे, अवघड असतं ते ऑनलाइन अर्ज भरणं. लेबल छापलं. गावाचं नाव, नोंदणीचा क्रमांक, बनवल्याची तारीख, वजन, फोन नंबर. आत तिखट तेच होतं. परांड्याच्या, कुर्डुवाडीच्या गिऱ्हाइकांनी ते न विचारता उचललं, आणि दुसऱ्या खेपेला नाव घेऊन मागितलं.

पुढे एकदा गटातल्या एका काकूंनी मला विचारलं, आता एवढं नाव झालं तर मिरची थोडी हलकी घातली तर चालेल का, भाव फार चढलाय. दुसरी म्हणाली, मग लेबल काढून टाका आधी. यावर त्यांच्यात चांगलाच वाद झाला, आणि मिरची बदलली नाही. लिज्जत पापडाची सुरुवातही बायकांच्या अशाच छोट्या गटातून झाली होती. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. आजही पीठ केंद्रावर एकत्र मळलं जातं, घरोघरी लाटलं जातं आणि परत आलेला पापड तपासून घेतला जातो. लाखो अनोळखी घरांत ते नाव पोचलं ते या तपासणीच्या जोरावर. अनोळखी माणसापर्यंत भरवसा पोचवायचा असेल तर नाव लागतंच. म्हणून मी ब्रँडच्या विरोधात नाही. अण्णांचं नाव चार गल्ल्यांपुरतं होतं. पुढच्या गावाला छापील नावच लागतं.

माझी तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीबद्दल. नाव तेच, रंग तोच, चित्र तेच, किंमत पाच किंवा दहा रुपये, तीही तीच. आतलं वजन मात्र कमी होत जातं. पुढच्या खेपेचा माल खोक्यातून काढताना मला हाताला कळतं की पुडा हलका आहे. कच्चा माल महाग झाला की कंपनीला कुठेतरी हात घालावा लागतो, हे दुकानदार म्हणून मी समजू शकते. पूर्वी चहा, बिस्किटं, तेल यांचे पुडे ठरावीक वजनाचेच काढण्याचं बंधन होतं, ते २०२२ मध्ये उठलं. पण वजन कमी झाल्याचं सगळ्यात उशिरा कुणाला कळतं? जी बाई रंग आणि चित्र बघून पुडा उचलते तिला. ती नावावर पूर्ण विसंबलेली असते आणि तिलाच ते नाव काही सांगत नाही. तिला एवढंच कळतं की हल्ली चहा लवकर संपतो. घरात कुणी जास्त टाकतंय का, असं ती सुनेला विचारते.

म्हणून मी काउंटरवर एक पाटी लावायला लागले. छोट्या आणि मोठ्या पुड्यांचं वजन आणि तो माल किलोला कितीला पडतो, एवढंच खडूनं लिहिते. हिशेब साधा आहे. समजा दहा रुपयांत वीस ग्रॅम मिळाले, तर किलोला पाचशे पडले. तेच पंचवीस ग्रॅम असतील तर चारशे. पाटी लिहायला लागल्यावर मलाही नवं कळलं. शिकलेली माणसं धरून चालतात की मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो. तसं नसतं. शांपूची एक-दोन रुपयांची पुडी बहुतेक वेळा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. पुडीतून शांपू विकायची वाट तमिळनाडूत सापडली. चिन्नी कृष्णन यांची कल्पना आणि १९८० च्या दशकात त्यांच्या मुलांनी ती गावोगाव नेली. बिस्किटांत, चहात, कॉफीत कधी छोटा पुडा स्वस्त, कधी मोठा, आणि दोन महिन्यांनी उलटंही होतं. नुसत्या अंदाजानं कळत नाही, वाचावंच लागतं.

पाटी बघून साहेबलोक मोठी बाटली परत ठेवून पुड्यांची लडी नेतात, असं आता घडतं. रोजंदारीवरच्या बायांपैकी काहींनी चहाचा पुडा बदलला, पुष्कळांनी नाही बदलला. नाव तेच ठेवून, मोठा पुडा स्वस्त पडत असेल तर मी त्यांना तो उधारीवर देते, आठवड्याच्या हिशेबात दोन हप्त्यांत पैसे येतात. बुडाले असं अजून झालेलं नाही. एका कंपनीच्या विक्रेत्यानं पाटी काढायला सांगितलं, आमच्या मालाचं नाव खराब होतं म्हणाला. मी त्याला म्हटलं, दादा, तुमच्याच पुड्यावरचा आकडा मोठ्या अक्षरात लिहिलाय, माझ्या पदरचं एक अक्षर नाही. पाटी अजून आहे.

वजन वाढवलं की कंपन्या पुड्यावर पुढेच, ठळक रंगात, "२० टक्के जास्त" असं छापतात. कमी केलं की फक्त आकडा बदलतो. जास्त जसं पुढे छापता तसंच कमी केलेलंही सहा महिने पुढे छापा, त्याच आकाराच्या अक्षरात, असा नियम व्हायला हवा. जी बाई तुमचं चित्र बघून तुम्हाला निवडते, तिला एवढं सांगणं तुमचं काम आहे. तिच्यासाठी तर वजनाचा बदल रंगानं दाखवायला हवा, कारण अक्षर तिच्या कामाचं नाही.

तोवर हे वाचणाऱ्यांना माझी एक विनंती. हल्ली पुड्यावर छापील किमतीबरोबर एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती पडतात हेही बारीक अक्षरात दिलेलं असतं. पुढच्या वेळी वाणसामान घ्याल तेव्हा ते वाचा, दोन पुडे शेजारी धरून वाचा. आणि रांगेत तुमच्या पुढे कुणी पुडा फिरवून फिरवून बघत उभं असेल, तर त्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवा.